योएलचं कोपर

मुक्काम बोका चिका

नेरेइदाताई,

आधी आशीर्वाद दे. योएल मजेत आहे, उंची वाढलीय, ताटात भाताचं शीत ठेवत नाही. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर हे बोलायचा धीर झाला नाही, म्हणून तुमच्या बराओनाला येणाऱ्या बसवाल्याकडे पत्र देतोय.

परवा जेवताना माझ्याकडे बेसबॉल शिकणारी पोरं त्याला चिडवत होती, "डाव्या हाताने जेवतोस? आता बेसबॉलही डाव्यानेच फेकणार का रे?" मी कान टवकारले. बघतो तर उजवं कोपर सुजलेलं. मी ओरडलो, तर म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगता ना, दुखतंय म्हणणाऱ्याला अमेरिकेचे संघ घेत नाहीत!"

ताई, चेंडूचा वेग मोजायचं यंत्र धरून वर्षभर "अजून जोर!" असं ओरडणारा मीच. डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत फेकणं बंद ठेवलं तर हात वाचेल. बाकीच्या पोरांनाही मी आता सक्तीची विश्रांती लावलीय.

पण योएल विचारतो, "मग दिवसभर मी करू काय?" त्याला शाळाही मीच सोडायला लावली होती. त्याला इथे ठेवायचं की घरी न्यायचं, ते तूच ठरव. या खेपेला माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

तुझा धाकटा,
एलादिओ