आरशातली बाग

३ फेब्रुवारी, सकाळ
शुभारंभ! नोकरी सोडल्यानंतरचं पहिलं गिऱ्हाईक: कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. नव्या घरापुढे बाग हवी. नकाशा हातानेच काढणार. कॉम्प्युटरवर काय, कुणीही काढतं. ही म्हणाली, हे काम जमलं तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून माझ्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. हसलो. मनातल्या मनात.

५ फेब्रुवारी
टेबल खिडकीपाशी घेतलं. उजेड उत्तम. पण शेजारी, रिटायर्ड इंजिनियर, कुंपणापाशी उभा राहून नकाशाकडे टक लावून बघत होता. "छान चाललंय," म्हणाला. विनाकारण कौतुक करणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

७ फेब्रुवारी
शेजाऱ्याने विचारलं, गुलाबाला ऊन किती लागतं. पाणी कुठे मुरतंय ते कळलं. माझं डिझाइन ढापणार! पडदा ओढून घेतला. अंधारात हिरवळीला निळा रंग लागला. आता तळं दिसतंय. असू दे.

९ फेब्रुवारी, दुपार
ही आणि शेजारी कुंपणापाशी कुजबुजत होते. मी गेल्यावर लगेच हवापाण्यावर आले. म्हणजे घरातूनही फितुरी.

१० फेब्रुवारी
तोडगा सापडला. नवा नकाशा उलटा काढला. डावीकडचं सगळं उजवीकडे, आरशात दिसावं तसं. पत्ता लागू नये म्हणून घर आणि गेट दाखवलंच नाही. ज्याने चोरला त्याचीच फजिती. खाली लाल पेनाने लिहिलं: 'शंका विचारू नये. नकाशाप्रमाणेच करावे.' अशी अक्कल सगळ्यांना नसते.

१३ फेब्रुवारी
माळी नकाशा घेऊन गेला. उलटा आहे हे कानात सांगणार होतो, पण काल तो शेजाऱ्याकडे चहा पिताना दिसला. आता प्रत्यक्ष जागेवरच सांगू.

१५ फेब्रुवारी, सकाळ
आज काम सुरू. निघणार तेवढ्यात शेजारी पिशवी घेऊन बाहेर पडला. जाण्याचं नाटक! मी निघालो की हा मूळ नकाशावर डल्ला मारणार. पहारा देत बसलो. चित्त विचलित नको म्हणून फोन बंद.

दुपार
शेजारी भाजी घेऊन परतला आणि झोपला. मीही जरा पडलो.

संध्याकाळ
माळ्याने गेटमधल्या फरश्या उखडून मधोमध मोठं झाड लावलं. फोन केले म्हणे, लागले नाहीत. शिवाय शंका विचारायची मनाई होती. डॉक्टरीणबाईंची गाडी आत अडकली. बाई पायी आल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"झाड सुंदर आहे," म्हणाल्या. "तेवढं काढून न्या, आणि परत येऊ नका."

१६ फेब्रुवारी
शेजारी आला. मुलाच्या नव्या घराची बाग माझ्याकडून करून घ्यायची त्याच्या मनात होती. हिच्याशी तेच बोलणं चालायचं. मला विचारायला म्हणून यायचा, तर पडदा ओढलेला.

"तुमचा हात चांगला आहे हो," म्हणाला. "पण मुलाकडे दोन गाड्या आहेत."

चहाही न घेता गेला. वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं. पडदा उघडला आणि दिवसभर टेबलापाशी बसलो. कुणी बघायला आलं नाही.

२८ फेब्रुवारी
उद्यापासून दुकान. हिने माझे शर्ट इस्त्री करून ठेवलेत. मेहुण्याने माझी खुर्ची मागच्या खोलीत टाकली आहे असं कळलं. माप घेऊ नको, गिऱ्हाइकाला काही सुचवू नको, आधी मला विचार, असाही निरोप आहे. इतक्या संशयी माणसाबरोबर माझं कसं निभायचं, हीच एक काळजी आहे.