कागदावर नुसतं ‘माझी पत्नी’

४ नोव्हेंबर, कुरवंडे
संत्या सकाळीच डोक्यावर बसला. "दादा, काडीमोड होऊन दोन वर्सं झाली, मृत्युपत्र तसंच हाय. उद्या तुमाला काय झालं तर आईचा वाटा मामाच्या घशात." पोटचा पोरगा, पण आईचा वाटा म्हणताना जीभ अडली न्हाई. मी म्हटलं, अजून जिता हाय मी. आदी भात कापू दे.
खरं तर कागद कुटं ठेवलाय तेच आठवंना.

६ नोव्हें.
सापडला. ट्रंकेत, तिच्या लुगड्याखाली. लुगडं न्यायचं राहिलं का मुद्दाम ठेवलं, कोन जाणे. कागद वाचला. घर संतोषला. झऱ्याजवळचं वरचं रान ‘माझ्या पत्नीला’.

७ नोव्हें.
संत्याच्या गाडीतनं वडगावला. वकीलबाई तरणी, पण कामाची. "आबा, ह्यात पत्नीचं नावच नाही."
"मग? बायकोचं नाव कोन घेतं?"
आठवलं. त्या टायमाला लिवणाऱ्यानं नाव इचारलं व्हतं. मी फुशारकीनं म्हटलं, पत्नी लिव्ह की, मला काय चार हायत? सगळी हसली. ती दाराशी उभी, ती पण हसली पदराआड.
वकीलबाई म्हणली, आता पत्नीच राहिली नाही, मग हा वाटा कुणाचा यावर भांडणं होतील. द्यायचा तर नावानिशी लिहा, नाहीतर काढून टाका.
संत्या लगेच, "काढा." म्हटलं, तू गाडीत जाऊन बस.

९ नोव्हें.
कापणी. कंबर धरली. बांधावरनं खालचा बंगला दिसतो. तितं तिची नऊ आंब्याची झाडं व्हती. डोक्यावरनं पाणी नेऊन जगवलेली. मी तुकडा इकला, इसार घेतला, पेढे घेऊन घरी आलो. तवा तिला कळलं. म्हणली, "एकदा इचारायचं तरी." मी म्हटलं, सातबारा कुणाच्या नावावर हाय?
ती भावाकडं गेली ती गेलीच. कोर्टात सायेब दोनदा इचारत व्हता, नीट विचार केलाय का. मी म्हटलं, उरका सायेब, एस्टी जाईल.
एस्टी मिळाली.

१२ नोव्हें.
कार्ल्याला गेलो, एकटा. भावाच्या घराफुडं तिची टपरी, चा नि भजी. बाकड्यावर बसलो. हाक काय मारायची? ‘अगं’ म्हणायचा हक्क गेला. खोकलो. तिनं वळून बगितलं. चा ठेवला. बिनसाखरेचा, न सांगता.
म्हटलं, वरच्या रानाला तुजं नाव घालायचं म्हणतो. चालंल का?
लय येळ भजी तळत राहिली. मग, "झाडं तोडायच्या आदी इचारायला पायजे व्हतं."
"आता इचारतोय न्हवं."
"माजं नाव तरी ठावं हाय का तुमाला?"
आतनं भाऊ हसला. ती न्हाई हसली.
सोमवारी आधार कार्ड घेऊन वडगावला ये म्हटलं. "बगते," म्हणली.

१७ नोव्हें. सोमवार
साक्षीला शेजारचा दगडू नि त्याचा जावई. साडेअकरा ते तीन बाकावर. ती आली न्हाई. वकीलबाई म्हणली, "त्या नसल्या तरी चालतंय, आबा. नाव सांगा, सही करा, झालं." एरवी करून मोकळा झालो असतो. म्हटलं, थांबा. तिनं व्हय म्हटलं न्हाई अजून.
दगडू म्हणला, "म्हातारपणी इचारायला शिकला गडी!" शिव्या दिल्या त्याला.
परत संत्याच्या गाडीतनं. कार्ल्यापाशी त्यानंच गाडी हळू केली. टपरी बंद व्हती.

१८ नोव्हें.
भाताची झोडणी राहिली तशीच.
सकाळी ह्या वहीत तिचं नाव लिवलं. हौसा. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा. मग मोठ्यानं म्हणून बगितलं. दारातलं कुत्रं उठून बसलं.
उद्या परत कार्ल्याला. नवा कागद पिशवीत हाय, नावाची जागा कोरी, सहीची पण. टपरी उघडी आसंल का ठावं न्हाई. उघडी असली तर ह्या बारीला बाकड्यावर बसून खोकायचं न्हाई.