शैलाचा मोगरा आणि माझा उतार

रविवार, संध्याकाळ

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन शैला आज घरी आली. तिला दारापुढच्या तीन पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून मी आठ दिवस खपून स्वतःच उतार बांधला. गवंडी लावला नाही, गच्चीच्या उरलेल्या फरशा वापरल्या. जागा पुरेना, म्हणून पायऱ्यांलगतचा तिचा फुलांचा वाफा मोडला.

रिक्षातून उतरताच तिने विचारलं, "अहो, माझा मोगरा कुठंय?"

"काढावा लागला. उतार बघ ना!"

तिने वॉकर टेकवला आणि तो गुळगुळीत फरशीवरून मागे घसरला. मी धरलं म्हणून बरं. शेवटी माझ्या खांद्याला धरून ती त्याच पायऱ्या चढली. मोगराही गेला आणि उतारही फुकट! अंबडच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण घरची फरशी घसरते का, एवढं बघायचं सुचलं नाही? मोगऱ्याबद्दल तिला एक फोन करता आला नसता?

मघाशी म्हणाली, "उद्या त्या फरशा उखडा आणि नुसता खरबरीत कोबा करा. मला अंगणात खुर्ची टाकून द्या. या वेळी मी सांगेन तसं करायचं."

असा राग आला! खुर्ची मात्र पुसून ठेवली आहे.