जुने बूट आणा

४ फेब्रुवारी
आजी! व्यायाम शिकवणाऱ्या त्या मुलीने मला चक्क आजी म्हटलं. म्हटलं, "बाई म्हण. तेहतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेय." ओला पाय वर्तमानपत्रावर ठेवायला लावला. अख्खा तळवा उमटला — मधली कमान नावालाही नाही.
"हे जन्मापासूनचं. ऑपरेशन नको, व्यायामाने आवरू. पण इतकी वर्षं उभं राहून दुखलं कसं नाही?"
मला काय विचारतेस! ह्यांना जाऊन सात महिने झाले, दुखणं पाच महिन्यांचं. वय, दुसरं काय.

७ फेब्रुवारी
टॉवेल जमिनीवर पसरून पायाच्या बोटांनी गोळा करायचा, वीस वेळा. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. चेंडूवर तळवा घोळवायचा. ह्या वयात सर्कस! कॉन्व्हेंटात सिस्टर डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावायच्या. पाठ ताठ, मान ताठ. पायांकडे एकीनेही बघितलं नाही.
बघितलं ते ह्यांनी. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात, न्हाणीघराबाहेरची ओली पावलं बघून — "अगं, तुझे पाय पाटासारखे सपाट!" मी तीन दिवस बोलले नाही. पुन्हा विषय काढायची काय बिशाद!

११ फेब्रुवारी
टॉवेल. बोटांत गोळे. शिव्या येत असत्या तर दिल्या असत्या.

१६ फेब्रुवारी
ह्यांचं कामाचं टेबल आवरलं. हे पियानो दुरुस्त करायचे. त्यामुळे खणाखणात पट्ट्यांखाली घालायचा तो जाड लोकरीचा हिरवा फेल्ट. एका डब्यात त्याचेच अर्धचंद्रासारखे तुकडे, कडा घासून पातळ केलेल्या, दोन-दोन दोऱ्याने बांधून ठेवलेले. कुठल्या पियानोत बसतात कोण जाणे! हत्यारं ह्यांच्या मित्राला दिली, फेल्ट केरात.
नणंदेचा फोन. "वहिनी, दादाच्या वस्तूंची इतकी घाई कसली?" घाई! घराचं गोदाम करू?
मग दुपारभर त्या मोकळ्या टेबलाशी बसून होते. जेवले नाही.

२० फेब्रुवारी
"बाई, जुने बूट आणा. तळ कुठे झिजलाय ते बघू." जुने बूट काय लोकांना दाखवायचे! शाळेतला शेवटचा जोड माळ्यावर आहे म्हणा. तो फाटला म्हणून हे गेल्यावर नवा घेतला, आणि दुकानातून थेट घालून आले. पहिल्यांदाच. एरवी नवा जोड घरात आला की हे दोन दिवस टेबलावर घेऊन बसायचे. "पॉलिश करतो."
"नव्या बुटांना कसलं पॉलिश? रिकामटेकडे कुठले!"
हसायचे नुसते.

२३ फेब्रुवारी
नेले बूट. तिने आतलं अस्तर उचकटलं. खाली हिरवा फेल्ट. डाव्यात एक तुकडा, उजव्यात एक.
"हे कुणी बसवून दिलं, बाई? अगदी कमानीच्या जागी आहे."
बूट उचलले नि निघाले.
घरी येऊन आधी केराचा डबा उघडला. आठवडा झालाय, रिकामाच असणार. तरी उघडला.