गुडघेदुखीच्या फलकावर आलेल्या दुर्पताबाईंबाबत

दि. १६ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
सायबर पोलीस ठाणे, गोंदिया.

अर्जदार : श्रीमती योगेश्वरी तिलक कटरे, फोटो स्टुडिओ, बाजार चौक, गोरेगाव, जि. गोंदिया.

विषय : बॅकअपमधून "काहीच निघाले नाही" असे सांगितलेला फोटो जाहिरातीच्या फलकावर निघाल्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराने ठाण्यात समक्ष दिलेली तोंडी माहिती.

महोदय,

१. अर्जदार गोरेगाव येथे फोटो स्टुडिओ चालवते. जंगलपट्टीतल्या टोल्या-पाड्यांवरची माणसे बाजाराच्या दिवशी येऊन रेशनला, घरकुलाला लागणारे फोटो काढून जातात. पुष्कळांचा जन्मातला तेवढाच फोटो असतो. म्हणून अर्जदार कोणाचाही फोटो संगणकातून पुसत नसे.

२. गोंदियातील श्री. मुन्नालाल लिल्हारे हे दुकानदारांच्या संगणकांचा बॅकअप ठेवतात. दर महिन्याला येऊन ते सगळ्या फाइली आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून नेत. गेल्या पावसाळ्यात वीज पडून अर्जदाराचा संगणक जळाला. बॅकअप आहे म्हणून अर्जदार निर्धास्त होती. गोंदियाला गेल्यावर श्री. लिल्हारे म्हणाले, "मॅडम, आपकी डिस्क मर गई. मेरी कॉपी भी करप्ट निकली. अब भूल जाइए." अर्जदाराने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

३. त्यानंतर श्री. इतवारी सयाम दुकानात आले. त्यांची पत्नी दुर्पताबाई तापाने वारली होती. तिचा फोटो मोठा करून घरात लावायचा होता. रेशनसाठी काढलेला तिचा फोटो याच दुकानातला. सर्व गेले, हे अर्जदाराला सांगावे लागले. ते उठून गेले.

४. दिवाळीनंतर हेच इतवारी संतापून परत आले. "कायले खोटं बोललीस? माही बायको तिकडं गोंदियात हासून राहिली. तूनंच इकला तिचा फोटू!" अर्जदाराला काही उमजेना. त्यांच्यासोबत एसटीने जाऊन पाहिले, तर रस्त्याकडेच्या फलकावर खरोखर दुर्पताबाई. हातात तेलाची बाटली चिकटवलेली, आणि खाली मजकूर : "माझी गुडघेदुखी गेली, मी पुन्हा चालू लागले. शांताबाई, बालाघाट."

५. महोदयांनी कृपया लक्षात घ्यावे की, हा रेशनचा फोटो नव्हे. तो काढून झाल्यावर दुर्पताबाई कशावरून तरी हसल्या, तेव्हा अर्जदाराने सहज आणखी एक काढला होता. तो कधी छापला नाही, कोणाला पाठवला नाही. तो दोनच ठिकाणी होता : जळालेल्या संगणकात आणि श्री. लिल्हारे यांच्या डिस्कवर.

६. फलक छापणाऱ्याने "फोटो पेनड्राइव्हमध्ये आला" एवढेच सांगितले. कोणी आणला ते सांगितले नाही. अर्जदाराने श्री. लिल्हारे यांना जाब विचारला. ते आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी पाणी मागवले. दोन दिवसांनी त्यांनी एक पेनड्राइव्ह पाठवला, "बहुत कोशिश की, इतना ही निकला" या निरोपासह. त्यात एकच फोटो होता, दुर्पताबाईंचा. हजारो फोटोंच्या खराब कॉपीतून नेमका फलकावरचाच कसा निघाला?

७. तेव्हापासून अर्जदाराचा कशावरच भरवसा राहिलेला नाही. दुकानात अनोळखी माणूस आला की त्याच्या खिशात पेनड्राइव्ह आहे का, ते ती आधी पाहते. शेजारच्या मेडिकलवाल्यांचा बॅकअपही श्री. लिल्हारे यांच्याकडेच; कोणी हात लावू नये म्हणून त्यांनी आपला संगणक चादरीत गुंडाळला आहे. गिऱ्हाईक अर्जदारावर संशय घेते ते वेगळेच. टोल्यावरून रेशनच्या फोटोसाठी आलेल्या रुख्माबाईंनी फोटो काढून होताच आपल्या मोबाइलमध्ये अर्जदाराचा फोटो काढून घेतला. म्हणाल्या, "आता तू बी माह्याजवळ हायेस. माहा कुठं दिसला, तं तुहाबी दिसंल."

८. अर्जदाराने दुर्पताबाईंचा फोटो मोठा करून, चौकट घालून इतवारींच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. त्यांचे काम झाले होते. तरी या अर्जासाठी ते आज कामावर खाडा करून सोबत आले आहेत. का, असे विचारले असता म्हणाले, "माही मिळाली. बाकीच्यायच्या?"

९. सबब, श्री. लिल्हारे यांच्या सर्व डिस्क ताबडतोब ताब्यात घ्याव्यात व त्यांना आधी सूचना देऊ नये, ही विनंती. अर्जदाराचा संशय खोटा ठरला, तर ती त्यांची जाहीर माफी मागेल. पण महोदय, तो खोटा ठरू नये, असे अर्जदाराला मनापासून वाटते. कॉपी खरोखर खराब झाली असेल, तर ती सगळी माणसे गेली. चोरी झाली असेल, तर अजून कुठेतरी आहेत.

तपासाला लागेल तेव्हा हजर राहणारी,
आपली नम्र,
(सही)
योगेश्वरी तिलक कटरे

साक्षीदार : इतवारी सयाम (डाव्या हाताचा अंगठा)

सोबत : १) फलकाचे छायाचित्र. २) पेनड्राइव्ह, अर्जदाराने कापडात शिवून बंद केलेला. कृपया आमच्यासमोर उघडावा.