फ्राऊ वेबरच्या भिंतीवरची गोरखचिंच

बॉन, नोव्हेंबर १९६१, रविवार

आठवडाभर तापानं पडून होतो. घरमालकीण फ्राऊ वेबर रोज जिना चढून सूप देऊन गेल्या. आज आभार मानायला त्यांच्या बैठकीच्या खोलीत गेलो. भिंतीवर त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं काढलेलं चित्र होतं. आफ्रिकेतलं रान, पिंपासारख्या बुंध्यांची जुनी झाडं.

मी म्हणालो, "ही तर गोरखचिंच. आमच्या वसईत शाळेमागे आहे."

त्या खुर्चीत बसल्याच. "सगळे म्हणायचे, असे बुंधे नसतातच, यानं मनाचं काढलंय."

आम्ही सहा पोरांनी हात धरले तरी शाळेमागचा तो बुंधा कवेत येत नसे, हेही सांगितलं. त्यांचे डोळे भरले. उगाच बोललो का मी? पण त्यांनी चित्र उतरवलं आणि मागे पेन्सिलीनं झाडाचं नाव लिहायला लावलं, मराठीतच.

बरं झालं देवा, या बाईंना द्यायला माझ्याजवळही काहीतरी निघालं.