शुक्रवारी घरी सोडणार होते

ऑकलंड,
४ नोव्हेंबर

प्रिय लुपे,

तुला आणि तुझ्या लेकीला, हेइलालाला, माझं प्रेम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. का उचलत नाहीस, ते विचारत नाही. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करत नसशील, हे मला इथे बसून कळतं.

आधी कामाचं. सोबतच्या खोक्यात सोसाइयाची कमरेला बांधायची तोंगन मानाची चटई आहे. हॉस्पिटलमध्ये भरती होताना तो ती बांधून आला होता. किरणोत्सारी आयोडीनच्या खोलीत गेलेली वस्तू म्हणून मी ती तळघरात शिशाच्या कपाटात ठेवून घेतली होती. आता ऐंशी दिवस उलटून गेले. त्या औषधाचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो, त्यामुळे आता मोजण्यासारखं काही उरलेलं नाही. मी स्वतः तीनदा मीटर फिरवला, दोन्ही बाजूंनी, काठाच्या दशांमधूनसुद्धा. नुसत्या भिंतीपाशी जेवढा वाजतो तेवढाच वाजला. त्याच्या आजोबांची चटई आहे हे तू सांगितलं होतंस, म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. निर्धास्त वापर.

इकडचं काय सांगू? तू काम सोडल्यापासून सफाईला कंत्राटदाराची माणसं येतात, दर आठवड्याला नवी. पिवळ्या खुणेचा डबा हलवू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसतो. परवा एकीने विचारलं, "आत बॉम्ब आहे का हो?" मला तू आठवलीस. पहिल्याच आठवड्यात तू ती पिवळी पिशवी साध्या कचऱ्यात टाकली होतीस, आणि आपण दोघी मागच्या अंगणातल्या कचरापेटीत उतरलो होतो. मी मीटर घेऊन, तू कोपरापर्यंत हातमोजे घालून. मीटर किरकिरायला लागला तशी तू म्हणालीस, "ही तुझी सून का गं? जाईल तिथे कटकट!" अकरा वर्षं झाली त्याला.

विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या इमारतीत एका निवृत्त प्राध्यापकाच्या कपाटात युरेनियमच्या क्षाराची बाटली सापडली, १९७१ सालची. शेजारी बिस्किटांचा डबा. बिस्किटंही त्याच सालची असावीत. दोन्हींची विल्हेवाट मलाच लावावी लागली.

त्या गुरुवारबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते. एवढंच म्हणते, की नियम तसा होता. माझ्या जागी कुणीही असतं तरी तेच सांगितलं असतं. तू अकरा वर्षं त्याच इमारतीत काम केलंस, तुला हे वेगळं सांगायला नको.

सोसाइया त्या खोलीत तीन दिवस गात होता, हे तुला कुणी सांगितलं का? चर्चमध्ये गातो तसंच, खालच्या पट्टीत. नर्सेस चहाचे कप घेऊन दाराबाहेर उभ्या राहायच्या. मी पण राहिले होते एकदा.

मी मातीला आले नाही. तू बोलावलं नव्हतंस. बोलावलं असतंस तरी आले असते की नाही, कोण जाणे.

खोकं पोचल्याचं एका ओळीत कळव. एवढंच पुरे.

तुझी,
नोरीन


ओटाहुहू,
१३ नोव्हेंबर

नोरीन,

चटई मिळाली. हे पत्र हेइलालाच्या हातून लिहून घेतेय, कारण माझ्या ओळी वाकड्या येतात. शब्द माझेच आहेत. ती ते मऊ करायला लागली की मी तिला थांबवते.

निर्धास्त वापर म्हणतेस. कुणी वापरायची? चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी असते. अळूसारख्या टारोच्या पानात बांधून शिजवलेलं माझ्या हातचं लू पूर्वी पुरत नसे, आता भांडं जसंच्या तसं घरी परत येतं. विका सोसाइयाची सख्खी बहीण. ती आमच्या अंगणात येते, खिडकीतून बोलते आणि जाते. सहा जण त्याची शवपेटी उचलणार होते, त्यातले दोघे आयत्या वेळी मागे सरले. बंद पेटी म्हणजे आत काहीतरी भयंकर असणारच, असं लोक म्हणणारच ना? त्याचे सदरे, उशी, बायबलची पिशवी, सगळं मी मागच्या अंगणात जाळलं. धूर बघून शेजाऱ्याने अग्निशमनवाले बोलावले. त्यांनी विचारलं, "काय जाळताय?" मी म्हटलं, "नवरा."

आमच्यात शेवटचा मुका घेतल्याशिवाय माणूस गेला असं होत नाही. तो अजून गेलेला नाही. घरात कुठेतरी उभा आहे, वाट बघत.

आता मला एक सांग. सोमवारी औषध देताना डॉक्टर म्हणाले होते, शुक्रवारी सकाळी याला घरी न्या. आठवडाभर वेगळा झोपवा, नातवंडांना मांडीवर देऊ नका, बाकी काही नाही. मी गाडीच्या मागच्या सीटवर चादर घालून ठेवली होती. शुक्रवारी मी त्याला हाताला धरून आणणार होते. तो गुरुवारी दुपारी मेला.

मेल्यावर माणूस जास्त विषारी होतो का?

होत असेल तर तसं लिही. मी वाचीन आणि गप्प बसेन. पण नियम होता, असं परत लिहू नकोस. नियम मी तुझ्याकडूनच शिकले.

लुपे


ऑकलंड,
१८ नोव्हेंबर

प्रिय लुपे,

नाही. मेल्यावर माणूस जास्त विषारी होत नाही.

हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता पुढचं लिहिते. वाचताना मध्येच कागद फाडावासा वाटला तर फाड, पण हेइलालाला शेवटपर्यंत वाचू दे.

साडेतीनला मला बोलावणं आलं तेव्हा सोसाइया गेला होता. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली, आयोडीनचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे. त्याआधी वीस मिनिटं चार माणसं त्याच्या छातीवर दाब देत होती, तोंडावर वाकली होती. त्यांच्या अंगावरचे किरणोत्सर्ग मोजणारे बॅज मी नंतर तपासले. त्यांवर नाव घेण्यासारखं काही नव्हतं.

बाहेर तुम्ही एकोणीस जण होतात. जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या पलीकडे, एकाचाही पाय पट्टीवर नव्हता. तू पुढे आलीस. आपण काय बोललो ते तुला आठवतच असेल, पण मला ते माझ्या हाताने लिहायचंय.

तू म्हणालीस, "नोरीन, एकच मुका. कपाळावर. मग लाव दार."

"नाही गं, लुपे."

"हातमोजे घालते. मध्ये फडकं धरते. विचार ना तुझ्या सुनेला!"

आणि मी म्हटलं, "तीच नाही म्हणतेय."

विका मागून ओरडली, "तुझा बाप असता तर?" मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लुपे, मीटर माझ्या खांद्याला लटकत होता. तो बंद होता. मी तो चालूच केला नव्हता.

मार्चमध्ये सरकारी निरीक्षक येऊन गेले, हे तुला माहीत आहे. एका संशोधकाच्या प्रयोगशाळेत यादीतली एक बाटली सापडेना, त्यांनी माझ्या नावावर लेखी ताकीद ठेवली. आमचा विभागप्रमुख ग्रेम तेव्हा म्हणाला होता, "आणखी एक भानगड झाली तर हॉस्पिटलचा परवाना जाईल आणि त्याआधी तू जाशील." त्या दारात उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे तू नव्हतीस, तो कागद होता. एकोणीस माणसं आत सोडायची, प्रत्येकाची नोंद ठेवायची, कुणाच्या ओठाला काही लागलं तर उत्तर द्यायचं. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटल्याबद्दल आमच्या धंद्यात कुणाला कधी ताकीद मिळत नाही.

नियमात लिहिलंय, मोजा आणि मग ठरवा. मी ठरवलं आणि मग मोजलं. पाच वाजून दहा मिनिटांनी, त्याला पिशवीत बंद केल्यावर. सोमवारी दिलेल्या औषधाचा बारावा हिस्सासुद्धा त्याच्या अंगात उरला नव्हता, बाकीचं लघवीवाटे केव्हाच निघून गेलं होतं. ओल्या कपड्याने कपाळ पुसून, वर पातळ कापड ठेवून, तुम्ही सगळे एकेक करून वाकला असतात, तर तोंगाला विमानाने जाताना अंगाला लागतो त्याहून जास्त किरणोत्सर्ग कुणाला लागला नसता. पेटी बंद ठेवायचीही गरज नव्हती.

आणि हेही लिहिते, कारण हे सोडलं तर बाकी सगळं लिहिण्याला अर्थ नाही. आकडा बघितला तेव्हा तुम्ही गेला नव्हतात. खिडकीतून दिसत होतात, खाली गाड्यांपाशी. गात होतात. दोन जिने उतरून मला सांगता आलं असतं, "वर या." पण मग आधी मोजलं नव्हतं हे सांगावं लागलं असतं. मी खिडकीपाशी तुमचं गाणं संपेपर्यंत उभी राहिले. नंतर टेबलाशी बसून नोंदवहीत मोजणीची वेळ लिहिली, तीन चाळीस.

काल ग्रेमला सगळं लेखी दिलं आणि तीच प्रत सरकारी कार्यालयाला पाठवली. तो म्हणाला, "तीन महिन्यांत कुणी अवाक्षर विचारलं नाही. तूच कशाला उकरतेस?"

मी म्हटलं, "विचारलंय."

चौकशी होईपर्यंत माझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आहेत. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, वाईट वाटावं म्हणून नाही.

तुमच्या पाद्रीबाबांनी परवानगी दिली आणि तुला चालणार असेल, तर मी चर्चमध्ये येईन आणि तुझ्या माणसांसमोर उभी राहून हेच सांगेन, वेळेसकट, आकड्यासकट. तुला नको असेल तर येणार नाही. माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की उत्तर द्यायचं काम पुन्हा तुझ्यावरच येतं.

मशीनने नाही म्हटलं नव्हतं, लुपे. मी म्हटलं होतं.

नोरीन


ओटाहुहू,
३ डिसेंबर

नोरीन,

आज मी माझ्या हाताने लिहितेय. ओळी वाकड्या येतील.

रविवारी तू आलीस. हेइलाला तुझं बोलणं आमच्या भाषेत सांगत होती. तू "मीटर बंद होता" म्हणालीस तिथे तिला पुढे सांगता येईना, तर पाद्रीबाबांनी सांगितलं. तू सगळं म्हणालीस. काही गाळलं नाहीस, हे मी बघितलं.

तू बसल्यावर विका उठली आणि माझ्या बाकावर येऊन बसली. संध्याकाळी सगळे आमच्याकडे जेवले. भांड्यात काही उरलं नाही. जेवताना विकाने मध्येच विचारलं, "मग आता काय करायचं? त्याला वर काढायचं का?" ती हात धुवायला गेली आणि नळ चालू ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिली. आता त्याला कुणी घाबरत नाही. पण तोंड आम्हाला दिसलं नाही ते नाहीच दिसलं.

पाद्रीबाबांनी मला विचारलं, तू तिला माफ केलंस का. मी म्हटलं, मला भात चढवायचाय.

प्रार्थना संपल्यावर तू दारापाशी थांबली होतीस. मी तुला पाहिलं होतं. मागच्या दाराने गेले ते मुद्दाम गेले. जवळ आले असते तर तू रडली असतीस, आणि मग अकरा वर्षांच्या सवयीने मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता. तेवढं सध्या माझ्याकडे नाही. जे आहे ते सगळं मला त्याच्यासाठी लागतंय.

तुझी नोकरी गेली तर मला आनंद होणार नाही. राहिली तरी होणार नाही. पण तुझ्या जागी जे कोणी येईल, त्याला हे सांग. त्या दारात उद्या दुसरी कुणीतरी येऊन उभी राहील.

तू पत्र लिहू नकोस. लिहायचं असेल तेव्हा मी लिहीन.

सोसाइयाची बायको,
लुपे